प्राध्यापकाचे प्रायोपवेशन

प्रा. गुरुदास अग्रवाल 11 ऑक्टोबर 2018 रोजी ऋषिकेश येथे वारले. त्यांचे वय 86 वर्षांचे होते, आणि गंगेच्या प्रवाहासाठी आरंभिलेल्या उपोषणास तोवर 111 दिवस झाले होते. आदल्याच दिवशी घटस्थापना झाली होती. आमच्याकडे देवळांतून पाण्याने भरलेले घट बसले होते आणि त्या पाण्याला रीतीप्रमाणे गंगा म्हटले जात होते. गंगेचे नाव असे कोणत्याही गावच्या पाण्याला देता येते, हे आमच्या धर्माचे औदार्य खरे; परंतु त्या सोयीमुळेच की काय, खरी गंगा हिमालयात आज किती वाहते हे विचारण्याची आम्हांस कधी गरज भासली नाही. अग्रवालांचा प्रश्न नेमका तोच होता.

त्यांच्या निधनानंतर जे मृत्युलेख प्रसिद्ध झाले आणि पुढे दर ऑक्टोबरात जे स्मरणलेख येत राहिले, त्यांपैकी हाती लागले तेवढे आम्ही वाचले. बहुतेक लेखन सद्भावनेचे आहे. तरीही ते वाचून झाल्यावर मनास एक असमाधान राहते, आणि त्याचे कारण शोधावे म्हणून आम्ही हे परीक्षण लिहावयास घेतले.

ह्या सर्व लेखांचा साचा जवळजवळ एक आहे. एक विद्वान प्राध्यापक होता. परदेशी जाऊन आला, मोठ्या पदांवर चढला. मग त्यास वैराग्य झाले, त्याने भगवी वस्त्रे घेतली, आणि गंगामाईसाठी देह ठेवला. पूर्वार्ध विज्ञानाचा, उत्तरार्ध भक्तीचा, आणि मध्ये एक वळण. हा साचा आम्हां मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. महिपतीबुवांनी 1762 साली ‘भक्तविजय’ पुरा केला तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, आमची चरित्रे अशाच वळणावर रमत आली आहेत. संसारी माणूस संत झाला की चरित्रकारास हायसे वाटते. त्याच्या आधीच्या आयुष्यातील व्यवहाराचा, धंद्याचा, हिशेबाचा भाग मग दोन ओळींत आटोपता येतो.

अग्रवालांच्या बाबतीत हे आटोपणे महागात पडले आहे. त्यांचे आयुष्य दोन तुकड्यांचे नव्हते. ते आरंभापासून अखेरपर्यंत एकाच प्रश्नाभोवती फिरलेले एका अभियंत्याचे आयुष्य होते, आणि तो प्रश्न संख्येने मांडता येण्याजोगा होता: नदीतून किती पाणी काढावे, आणि नदीत किती ठेवावे?

20 जुलै 1932 रोजी त्यांचा जन्म झाला तो गंगा-यमुनेच्या दुआबातील कांधला गावी, शेतकरी घरात. स्थापत्यशास्त्राचे शिक्षण त्यांनी रुडकी येथे घेतले. चरित्रलेखकांनी ‘रुडकी’ एवढा शब्द लिहून पुढे जावे ह्याचे आम्हांस नवल वाटते. रुडकीचे महाविद्यालय 1847 साली निघाले ते गंगेच्या कालव्यासाठी. हरिद्वारापाशी गंगेचे पाणी वळवून दुआबाच्या शेतांवर न्यावयाचे होते, आणि त्या कामास शिकलेली माणसे हवी होती. कॉटले ह्यांच्या देखरेखीखाली झालेला तो कालवा 1854 साली वाहू लागला. आजही तो रुडकी शहरामधून जातो, आणि जवळच सोलानी नदीवरून भव्य पूल बांधून त्यास पलीकडे नेलेले आहे. म्हणजे गंगेचे पाणी गंगेतून काढण्यासाठीच जी विद्या ह्या देशात प्रथम शिकविली गेली, त्या विद्येच्या मूळपीठात हा मुलगा तयार झाला. तेथून तो उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्यात आराखडे काढणारा अभियंता म्हणून लागला. पाणी अडविणे व वळविणे ह्यांत त्याचा हात बसला तो असा. ज्याने ते काम स्वतः कागदावर आखले आहे, त्यास नदीच्या पात्रात काय उरते हे बाहेरच्या माणसापेक्षा अधिक कळते.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत त्यांनी पर्यावरणीय अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविली. कानपूरच्या आय.आय.टी.त ते प्राध्यापक व विभागप्रमुख होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव तेच. नोकरी सुटल्यावर हवेचे प्रदूषण मोजणारी उपकरणे तयार करण्याच्या उद्योगाशीही त्यांचा संबंध राहिला. मोजणे हा त्यांचा स्थायीभाव होता असे म्हणावयास हरकत नाही. लग्न त्यांनी केले नाही. उतारवयात चित्रकूटच्या ग्रामोदय विद्यापीठात मानद प्राध्यापक म्हणून शिकवीत ते दोन खोल्यांच्या घरात राहत. झाडलोट, धुणे, स्वयंपाक स्वतः करीत, सायकल वापरीत, लांबचा प्रवास साध्या वर्गाच्या डब्यातून. भगवे वस्त्र त्यांनी 2011 साली घेतले आणि स्वामी ज्ञानस्वरूप सानंद हे नाव धारण केले. तोवर ते 79 वर्षांच्या घरात आले होते. ही राहणी पाहिली म्हणजे संन्यासदीक्षेने त्यांच्या दिनक्रमात फारसा पालट झाला असेल असे वाटत नाही. शिवाय त्यांची पहिली तीन उपोषणे 2008, 2009 व 2010 सालची, म्हणजे दीक्षेच्या आधीची. चरित्रकारांना हवे असलेले वळण शोधू गेल्यास सापडत नाही ते ह्यामुळे.

आता तो प्रश्न नीट पाहिला पाहिजे, कारण मृत्युलेखांतून नेमका तोच गळाला आहे.

हिमालयात वीज करण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली, तीत नेहमीच टेहरीसारखे 260 मीटर उंचीचे धरण बांधावे लागत नाही. नदीवर एक बेताचा बंधारा घालतात, तेथून पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यात घेतात, आणि कित्येक किलोमीटर खाली, उतार साधून, वीजगृहावर सोडतात. मग ते पाणी पुन्हा नदीत येते. ह्या प्रकल्पांना सरकारी भाषेत वाहत्या पाण्यावरचे प्रकल्प म्हणतात. पाणी वाहते हे खरे; फक्त ते नदीतून वाहत नाही. बंधारा आणि वीजगृह ह्यांच्या मधल्या पात्रात जे काही सोडले जाईल तेवढेच. भागीरथीवर मनेरी येथे पाणी उचलून 8.6 किलोमीटरच्या बोगद्याने उत्तरकाशीजवळ तिलोथला आणतात. तेथेच जोशियाडा येथे ते पुन्हा उचलून 16 किलोमीटरच्या दुसऱ्या बोगद्याने धरासूस नेतात. एका बोगद्यातून सुटलेली नदी थोडा उजेड पाहते न पाहते तोच दुसऱ्यात शिरते. उत्तरकाशीच्या वर तीन प्रकल्प आणखी व्हावयाचे होते: पाला-मनेरी, भैरोंघाटी आणि लोहारीनाग-पाला. ते झाले असते तर गंगोत्रीच्या खालची भागीरथी बव्हंशी बोगद्यांची नदी झाली असती.

अग्रवालांचा विरोध ह्या ठिकाणी होता. त्यांचे म्हणणे असे की, गंगा आधी अविरल पाहिजे, मग ती निर्मल राहील. आपल्या सरकारांनी, पक्ष कोणताही असो, नेहमी उलट क्रम धरला. 1980 नंतरच्या दशकातील गंगा कृती योजनेपासून 20,000 कोटींच्या ‘नमामि गंगे’पर्यंत पैशाचा मुख्य ओघ सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे, घाटांकडे, काठांच्या सुशोभनाकडे गेला. ती कामे व्यर्थ आहेत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु पाण्याचा प्रवाह घटला म्हणजे तेवढ्याच घाणीने नदी अधिक घाण होते, हे सांगावयास बर्कलेची पदवी लागत नाही. ह्याशिवाय त्यांचा एक सूक्ष्म मुद्दा होता. गंगेचे पाणी कुजत नाही अशी जी श्रद्धा, तिला काही आधार आहे. 1896 सालीच हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे दाखविले होते. अग्रवालांच्या मते ह्या गुणाचा संबंध हिमालयातून येणाऱ्या गाळाशी व खळाळत्या प्रवाहाशी आहे. धरणात गाळ तळाशी बसला, बोगद्यात प्रवाह कोंडला, की पाणी उरते पण तो गुण उरत नाही. ह्या मताची शास्त्रीय पारख पुरती झाली असे आम्ही म्हणणार नाही. ते मत तपासता येण्याजोगे होते, एवढेच आमचे म्हणणे; आणि भाविकाच्या तोंडी असे तपासता येणारे विधान क्वचित येते.

येथे एक जुनी हकीकत आठवते. 1914 च्या सुमारास हरिद्वारास गंगेवर नवा बंधारा घालण्याचे घाटले तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय आणि कित्येक संस्थानिक ह्यांनी सरकारशी वाद मांडला. 1916 च्या डिसेंबरात करार झाला आणि हर-की-पौडीवर निदान 1000 क्यूसेक पाणी अडथळ्यावाचून वाहते राहील असे ठरले. आमच्या मते आधुनिक हिंदू समाजाच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा कागद आहे. नदी देवता आहे असे केवळ म्हणून ही मंडळी थांबली नाहीत. देवतेस किती पाणी लागते ते त्यांनी आकड्यात लिहवून घेतले. अग्रवाल ह्या परंपरेतले होते. त्यांना साधूंच्या मालिकेत बसविणाऱ्यांनी हा पूर्वज मात्र वगळला.

पण येथे आमचाच सिद्धांत अडचणीत येतो, आणि ती अडचण लपविणे बरे नव्हे. अग्रवालांनी स्वतः, 2008 सालीच, जगास सांगितले होते की आपण हे करतो ते शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, गंगेवर श्रद्धा असलेला हिंदू म्हणून. उपोषणाचे दिवसही ते पंचांग पाहून निवडीत: 13 जून 2008 ही ज्येष्ठ शुद्ध दशमी, गंगा दशहरा, 14 जानेवारी 2009 ही मकरसंक्रांत, आणि शेवटचे उपोषण 22 जून 2018 रोजी, पुन्हा निज ज्येष्ठातील दशमीस. मग त्यांना अभियंता म्हणून वाचावे हा आमचा हट्ट कशासाठी? आमचे उत्तर असे की, श्रद्धेने त्यांना मरण्याचे बळ दिले. परंतु मागावयाचे काय, हे श्रद्धेने सांगितले नाही. ते अभियांत्रिकीने सांगितले. श्रद्धाळू माणूस अशा वेळी घाट मागतो, आरती मागतो, मंदिर मागतो. ह्यांनी पाणी मागितले.

शेवटच्या उपोषणाच्या आधी व उपोषणात, फेब्रुवारी ते ऑगस्ट 2018 ह्या काळात, त्यांनी पंतप्रधानांस पत्रे लिहिली. वाङ्मय म्हणूनही ती पाहण्यासारखी आहेत. आरंभी नाते जोडलेले आहे: आपण वयाने थोरले, तेव्हा थोरल्या भावाने धाकट्यास सांगावे तसे, गंगेच्या दोन मुलांमधले बोलणे. आणि लगेच पुढे कलमवार मागण्या. गंगेच्या संरक्षणासाठी तयार असलेल्या मसुद्यावरून संसदेने कायदा करावा. अलकनंदा, मंदाकिनी, धौलीगंगा, नंदाकिनी, पिंडर ह्या वरच्या नद्यांवरील जलविद्युत् प्रकल्प थांबवावेत. हरिद्वारच्या कुंभक्षेत्रातील वाळू-दगडांचा उपसा बंद करावा. गंगेच्या कारभारावर देखरेख करणारी एक परिषद नेमावी. घरगुती जिव्हाळा आणि आराखड्याचा काटेकोरपणा एकाच कागदावर. साचेबंद चरित्राने ज्याचे दोन तुकडे केले तो माणूस ह्या पत्रांत अखंड भेटतो.

त्यांच्या निधनानंतर पंतप्रधानांचा शोकसंदेश आला. त्यात विद्या, शिक्षण, पर्यावरण ह्यांविषयीच्या तळमळीचा, आणि विशेषेकरून गंगेच्या स्वच्छतेच्या ध्यासाचा, उल्लेख होता. संदेश सौजन्याचा होता. परंतु टीकाकाराचे काम शब्द वाचण्याचे आहे, म्हणून आम्ही ‘स्वच्छता’ ह्या शब्दापाशी थांबतो. मनुष्य मेला प्रवाहासाठी. आभार मानले गेले ते स्वच्छतेबद्दल. आणि खेद हा की, भक्तिभावाने लिहिलेले पुष्कळसे मृत्युलेखही ह्याच शब्दापाशी येऊन थांबले. सरकारी संदेश आणि भाविकांचा लेख ह्यांचे येथे एकमत झाले; दोघांनाही प्रवाहाचा प्रश्न अडचणीचा होता. काठावर आरती करणाऱ्यास नदीत पाणी किती ह्याच्याशी कर्तव्य नसते, तिची शोभा राहिली म्हणजे झाले. हे आम्ही दुसऱ्यांस म्हणत नाही. एकनाथांनी गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली ही कथा आम्ही वर्षानुवर्षे कीर्तनांतून ऐकतो. अहिल्याबाईंनी मणिकर्णिकेचा घाट बांधविला, दूरदूरच्या देवस्थानांस गंगोदक पाठविण्याची व्यवस्था केली, ह्याचा इंदूरच्या वाचकांस रास्त अभिमान आहे. ह्या दोन्ही कथांत पाणी आहे हे गृहीत धरलेले असते.

शीर्षकात आम्ही ‘प्रायोपवेशन’ हा शब्द घातला तो तपासून पाहण्यासाठी. कित्येक लेखकांनी तो वापरला आहे. आमच्या मते तो येथे बसत नाही. सावरकरांनी 1966 साली अन्न-औषध सोडले, विनोबांनी 1982 साली पवनार येथे तसेच केले. दोघांचीही भूमिका जीवितकार्य संपल्याची होती. त्यांना कोणाकडून काही मागावयाचे नव्हते. अग्रवालांचे कार्य संपले नव्हते आणि त्यांची मागणी लेखी होती. मध, लिंबू, पाणी घेत ते 100 दिवसांपुढे गेले. 9 ऑक्टोबरला पाणीही वर्ज्य केले. दुसऱ्या दिवशी प्रशासनाने त्यांना हरिद्वारच्या मातृसदन आश्रमातून ऋषिकेशच्या रुग्णालयात हलविले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हृदयक्रिया बंद पडली. मागणी मान्य झाली असती तर ते जेवले असते. पूर्वी तसे घडलेही होते: 2008 साली पाला-मनेरी व भैरोंघाटी थांबले, 2010 साली काम बरेच पुढे गेलेला लोहारीनाग-पालाही रद्द झाला, आणि 2012 च्या डिसेंबरात गोमुख ते उत्तरकाशी हा सुमारे 100 किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तेव्हा त्यांची जात पोट्टी श्रीरामुलूंच्या उपोषणाशी अधिक जुळते. 1952 च्या त्या मृत्यूतून आंध्र राज्य झाले, त्यातून 1956 ची भाषावार रचना झाली, आणि तीत बेळगाव कोठे गेले हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्याच बेळगावासाठी सेनापती बापट 1966 साली उपोषणास बसले, तेव्हा महाजन आयोग नेमला गेला. बापटांनीच 1921 पासून मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह लढविला होता हेही येथे ध्यानात यावे.

उपोषणाचे हत्यार नदीच्या प्रश्नास कितपत योग्य, ह्याविषयी मात्र आमचे मन साशंक आहे. भाषावार राज्य ही ज्यांची मागणी होती ते लोक श्रीरामुलूंच्या पाठीशी होते. अग्रवालांच्या बाबतीत, उत्तरकाशीच्या घाटावर 2008 साली ते बसले तेव्हा तेथील कित्येक रहिवासीच विरोधात उभे राहिले. प्रकल्प म्हणजे रोजगार, वीज, रस्ता, असे त्यांस वाटत होते. ते वाटणे खोटे ठरविण्यास गावोगाव बसून हिशेब मांडावा लागला असता: बोगद्यामुळे झरे आटतात का, सुरुंगांनी घरांना तडे जातात का, वीज कोणास मिळते. हे काम अग्रवालांइतक्या अधिकाराने करू शकणारी माणसे देशात थोडी होती. त्यांनी ते पुरते केले नाही. त्यांचा सारा रोख दिल्लीवर राहिला. ह्यास आम्ही त्यांच्या कार्यातील उणीव समजतो, आणि गौरवलेखांतून ती झाकली जाते म्हणून येथे नोंदवितो.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. गंगा ही इतर नद्यांसारखी नाही, ती अद्वितीय आहे, असा त्यांचा आग्रह होता. भक्ताचा असा आग्रह असणे समजते. परंतु प्रवाह राखावा हा न्याय जर केवळ मातृपदामुळे लागू होत असेल, तर ज्या नदीस ते पद लाभले नाही तिचे काय? स्नानाच्या वेळी आम्ही ज्या सात नद्यांचे स्मरण करतो त्यांत म्हादईचे नाव नाही. अग्रवालांचे उपोषण चालू असतानाच, 14 ऑगस्ट 2018 रोजी, म्हादई लवादाने आपला निवाडा दिला: कर्नाटकास 13.42 अब्ज घनफूट, गोव्यास 24, महाराष्ट्रास 1.33. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आमचे वाचक ह्या वादाच्या दोन्ही बाजूंस आहेत. पणजीचा वाचक एक म्हणेल, बेळगाव-हुबळीकडचा दुसरे म्हणेल, आणि दोघांच्याही तहानेस आम्ही खोटे म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, हा वाद राज्याराज्यांतील वाटणीच्या भाषेत चालला. चौथा वाटेकरी म्हणून नदीचे नाव फारसे कोणी घेतले नाही. ज्या दिवशी निवाडा आला तो हरिद्वारच्या उपोषणाचा 54 वा दिवस होता. दोन्ही बातम्या आम्ही वाचल्या, आणि त्या एकाच विषयाच्या आहेत हे त्या वेळी आमच्याही लक्षात आले नाही.

तुलनेसाठी आणखी एका प्राध्यापकाचे नाव घेतले पाहिजे. वीरभद्र मिश्र हे काशीच्या संकटमोचन मंदिराचे महंत, आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापक. नित्य तुळशीघाटावर स्नान, नित्य अध्यापन. 1982 साली त्यांनी संस्था काढली, पुढे प्रयोगशाळा उभारून गंगेच्या पाण्यातील जंतूंची मोजदाद वर्षानुवर्षे केली, आणि 13 मार्च 2013 रोजी ते वारले. श्रद्धा आणि शास्त्र हे नदीचे दोन काठ, असे ते म्हणत. त्यांचे जीवन अधिक समतोल होते, हे खरे. मिश्र खालच्या गंगेत उभे होते, जेथे घाण हा प्रश्न आहे. अग्रवाल वरच्या गंगेत, जेथे पाणी हा प्रश्न आहे. शुद्धीकरणाच्या प्रश्नाशी सरकार निदान बोलावयास तयार होते. प्रवाहाच्या प्रश्नात वीज, ठेके आणि राज्याचे उत्पन्न गुंतलेले असल्यामुळे संभाषणास जागाच कमी होती. एकास दीर्घ आयुष्याचे कार्य लाभले आणि दुसऱ्यास उपोषण करावे लागले, ह्याचा उगम दोघांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा ह्या फरकात शोधणे आम्हांस अधिक पटते. मातृसदनाच्याच स्वामी निगमानंदांनी गंगेतील उत्खननाविरुद्ध उपोषण करून 13 जून 2011 रोजी प्राण सोडला होता. तेव्हाही देश फार हलला नाही.

मृत्यूनंतरची एक गोष्ट साचेबंद चरित्रास सर्वांत अवघड जाते. संन्याशाच्या देहास समाधी द्यावयाची हा आपला संप्रदाय. अग्रवालांनी आपला देह वैद्यकीय अभ्यासासाठी ऋषिकेशच्या त्याच आयुर्विज्ञान संस्थेस देण्याचे आधीच लिहून ठेवले होते. अनुयायांनी अंत्यदर्शनासाठी देह मागितला, मृत्यूविषयी आश्रमाने संशयही व्यक्त केला, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. देह कोणाचा, भक्तांचा की विद्यार्थ्यांचा, ह्या प्रश्नावर त्यांचे स्वतःचे उत्तर मात्र कागदावर स्पष्ट होते. भगव्या वस्त्रातल्या माणसाने अखेरीस आपणांस पुन्हा एकदा वर्गात नेऊन ठेवले होते.

आणि त्याच आठवड्यात केंद्र सरकारची अधिसूचना निघाली. तीत प्रथमच गंगेच्या किमान प्रवाहाचे आकडे आले. उगमांपासून देवप्रयागपर्यंत नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे ह्या महिन्यांत 25 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के; हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली पावसाळ्याबाहेर सेकंदास 36 घनमीटर, बिजनौर, नरोरा व कानपूर येथे 24. मृत्युलेखांपैकी काहींनी ह्याचा ‘मागणी मान्य झाली’ असा उल्लेख केला. तो बरोबर नाही. ह्या आकड्यांचा अर्थ उलट बाजूने वाचावा: हिवाळ्यात, नदी मुळात रोडावलेली असताना, तिचे चार-पंचमांश पाणी बोगद्यात घालण्यास हरकत नाही. सरकारने अग्रवालांच्या भाषेत, म्हणजे आकड्यांत, उत्तर दिले हा त्यांचा विजय म्हणावा. पण तो आकडा मान्य करून त्यांनी उपोषण सोडले असते असे आम्हांस वाटत नाही. 7 फेब्रुवारी 2021 रोजी ऋषिगंगा-धौलीगंगेच्या खोऱ्यात जो लोंढा आला त्यात तपोवन-विष्णुगाडचे 520 मेगावॅटचे अपुरे काम आणि त्याच्या बोगद्यात व परिसरात काम करणारी माणसे गेली; मृत व बेपत्ता मिळून संख्या 200 च्या वर होती. त्या पत्रांत धौलीगंगेचे नाव होते.

मराठीत अग्रवालांचे सविस्तर चरित्र लिहावयास कोणी घेणार असेल, तर आमची सूचना अशी की, त्याने आश्रमापासून आरंभ करू नये. रुडकीच्या कालव्यापासून करावा. 1916 चा करार, कानपूरची अध्यापनाची वर्षे, प्रदूषण मंडळाचा प्रारंभकाळ आणि 2018 ची ती पत्रे ह्यांस भरपूर पाने द्यावीत. उत्तरकाशीच्या विरोधकांचे म्हणणेही त्यांच्याच शब्दांत घ्यावे. पत्रे हिंदीत आहेत आणि प्रसिद्ध झालेली आहेत. ती मराठीत व कोंकणीत समग्र आणण्याचे काम मात्र त्या चरित्राची वाट न पाहता हाती घेता येईल.